महिन्याची व्हीगन अंगतपंगत: गिरगाव ते लालबाग, खर्चाचा पूर्ण हिशोब

दर महिन्याच्या एका रविवारी वीसेक माणसं आपापला डबा घेऊन एकत्र जमतात. दूध, दही, तूप, मध, अंडी, मासे, मटण यांतलं काहीही नसलेलं जेवण वाटून खातात, भांडी आवरतात आणि घरी जातात. व्हीगन अंगतपंगत म्हणजे एवढंच. गिरगाव, दादर, परळ, लालबाग या पट्ट्यात ती सुरू करणं फार अवघड नाही. अवघड असतं ते सहाव्या महिन्यानंतर टिकवणं. अशी पंगत मोडते ती सहसा अन्नाच्या खर्चामुळे नाही. जागा, पाणी, टॅक्सी, सफाई आणि भांडी घासण्याचे कष्ट एकाच घरावर पडतात आणि ते कोणी मोजत नाही, तिथे ती मोडते. म्हणून या मार्गदर्शनात ताटाइतकंच लक्ष ताटाबाहेरच्या खर्चावर दिलं आहे.

किमती रोज हलतात. इथे वापरलेले भाव हे हिशोब मांडण्यासाठी धरलेले गोल आकडे आहेत. तुमच्या दुकानातला भाव त्या जागी टाका आणि गणित पुन्हा करा, पद्धत तीच राहील.

थोडक्यात

- वीस जणांचं घरगुती मराठी वळणाचं व्हीगन जेवण: सुमारे १,६०० रुपये, माणशी ८०.
- भाड्याच्या छोट्या सभागृहातला इतर खर्च: सुमारे २,००० रुपये, माणशी १००.
- घरी किंवा सोसायटीच्या गच्चीवर इतर खर्च: सुमारे ७०० रुपये, माणशी ३५.
- वर्षाला दहा पंगती सभागृहात घ्यायच्या तर सभासदामागे सहामाही वर्गणी: ६०० रुपये.

किती जण, कोण कोण

बारा ते चोवीस ही सोयीची संख्या. दहाच्या खाली गेलं की तीन डबे बटाट्याच्या भाजीचे निघतात आणि पंचविसाच्या वर गेलं की खोली बदलावी लागते, खर्च एकदम उडी घेतो. दोघांमागे एक पदार्थ असं धरलं तर वीस जणांत नऊ-दहा पदार्थ होतात, तेवढे पुरतात.

मुंबईत व्हीगन मंडळींनी एकत्र जेवणं नवं नाही. डॉ. नंदिता शहा यांनी २००५ साली सुरू केलेल्या ‘शरण’ या संस्थेने पाककृतींच्या कार्यशाळांमधून आणि एकत्र जेवणांमधून हा आहार शहरात अनेकांपर्यंत नेला. इंग्लंडमध्ये व्हीगन सोसायटी स्थापन झाली १९४४ साली. पण आपल्याकडे ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं धान्य न खाता परसातल्या भाज्यांवर तो दिवस काढायची रीत त्याहून कितीतरी जुनी आहे. जनावराच्या श्रमाचा विचार जेवणाच्या ताटापर्यंत आणणं या मातीला परकं नाही, हे नव्या माणसाला सांगायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवशीच ठरवा. गिरगाव, परळ, लालबाग हा मालवणी, कोळी, घाटावरच्या, मासे-मटण आवडीने खाणाऱ्या घरांचा भाग आहे. शाकाहाराच्या नावाखाली माणसांना घर नाकारण्याचे प्रकारही याच शहरात होतात. तुमच्या पंगतीचा नियम ताटाला असावा, माणसाला नसावा. घरी बांगडा खाणारा शेजारी काळ्या वाटाण्याचं सांबार घेऊन आला तर त्याला पहिल्या रांगेत बसवा. सोवळ्या-ओवळ्याचा वास आला की ही पंगत चार घरांपुरती उरेल.

ताटाचा खर्च

व्हीगन जेवण महाग असतं हा समज पाकिटांमुळे झाला आहे. आपल्या स्वयंपाकातले निम्मे पदार्थ मुळातच व्हीगन आहेत: मटकीची उसळ, वालाचं बिरडं, झुणका, पिठलं, भरली वांगी, अळूवडी, थालीपीठ, घावणे, सोलकढी, फणसाची भाजी, केळफुलाची भाजी. वीस जणांचा एक नमुना बघा.

- मटकीची उसळ (पाऊण किलो कोरडी मटकी, ओलं खोबरं, कांदा, तेल): १८० रुपये
- भरली वांगी (दीड किलो वांगी, दाण्याचं कूट, गूळ, गोडा मसाला): २२० रुपये
- भात (दीड किलो कोलम): १०५ रुपये
- भाकऱ्या (साधारण तीस, पीठ अडीच किलोच्या आत): १४५ रुपये
- तुरीची चिंचगुळाची आमटी: १४० रुपये
- सोलकढी (चार नारळ, शंभर ग्रॅम आमसुलं): २५० रुपये
- खमंग काकडी (दाण्याचं कूट, लिंबू, खोबरं; दही नाही): १३५ रुपये
- कोथिंबीर वडी: १७५ रुपये
- खापरोळ्या, नारळाच्या गोड रसासह: २५० रुपये

बेरीज १,६०० रुपये, माणशी ८०.

आता दुसरं ताट बघा. पनीरऐवजी टोफू हवा म्हणून दोनशे ग्रॅमची दहा पाकिटं, शंभर रुपये दराने १,००० रुपये. पिझ्झ्यावर घालायला व्हीगन चीजची दोन पाकिटं ७०० रुपये. कॉफी आणि खिरीसाठी ओटचं दूध तीन लिटर ९०० रुपये. तीन वस्तूंचे २,६०० झाले, म्हणजे माणशी १३०, आणि अजून पोट भरलेलं नाही. कुणी हौसेने टोफूची भुर्जी आणली तर जरूर आणावी, पण पंगतीचा कणा उसळ-भाकरी-भातावर ठेवा. मग महिन्याला शंभरची नोट मोजून खर्च करणारा विद्यार्थीसुद्धा मान खाली न घालता डबा आणू शकतो.

भाकरीकडे वेगळं लक्ष द्या. पीठ स्वस्त असलं तरी तीस भाकऱ्या थापणं हे एका माणसाचे दोन तासांचे कष्ट आहेत. पोळी-भाकरी केंद्रातून वीस रुपये नग दराने घेतल्या तर ६०० रुपये होतात, म्हणजे घरच्यापेक्षा ४५५ जास्त. हा फरक सामायिक निधीतून द्या किंवा पाच घरांत सहा-सहा भाकऱ्या वाटा. ‘तुमच्या हातची भाकरी किती छान’ असं म्हणत दर महिन्याला त्याच बाईंच्या गळ्यात ते काम घालू नका.

दूध, दही, तूप यांच्या जागी

*शेंगदाण्याचं दूध.* दीडशे ग्रॅम दाणे रात्रभर भिजवून, वाटून, गाळून, उकळून सुमारे लिटरभर दूध होतं. दाणे १६० रुपये किलो धरले तर २४ रुपये लिटर. दुकानातलं सोयाचं दूध लिटरला शंभरच्या वर जातं, बदाम आणि ओटचं त्याच्या दुपटीच्या आसपास.

*दाण्याचं दही.* अडीचशे ग्रॅम दाण्यांचं घट्ट दूध कोमट करून त्यात आधीचं व्हीगन दही किंवा हिरव्या मिरच्यांचे देठ विरजण म्हणून टाकतात. लिटरमागे ४० रुपये. कोशिंबीर आणि कढीला हे उत्तम चालतं.

*नारळ.* कोकणी घरांत याचंच राज्य आहे. शिरवाळे, खापरोळ्या, पातोळ्या, सांदणं यांना दुधाची गरज पडत नाही. उकडीच्या मोदकाच्या उकडीत तुपाऐवजी चमचाभर तेल घाला. पुरणपोळी तेलावर भाजून नारळाच्या गोड दुधासोबत वाढा.

*चहा.* जेवणानंतर वीस कप चहासाठी पाकिटाचं दूध आणू नका. गवती चहा, आलं आणि गूळ घालून कोरा चहा करा. पन्नास रुपयांत सगळ्यांना पुरतो.

बाजार कुठे करायचा

कोरडा माल सामायिक घ्यायचा तर लालबाग. मिरची-मसाल्याची दुकानं आणि मसाला कुटून देणारे डंख तिथे एकाच आवारात आहेत. उन्हाळ्यात गटासाठी दोन किलो मालवणी किंवा गोडा मसाला एकदम करून घेतला तर वर्षभर पंगतीला चव एकसारखी राहते आणि सुट्या पाकिटांपेक्षा पैसेही वाचतात. चिवडा गल्लीतला चिवडा आणि फरसाण चालू शकतं, पण कोणत्या तेलात तळलंय आणि मोहन लोण्याचं आहे का, ते विचारून घ्या.

भाजीसाठी दादर स्थानकाच्या पश्चिमेचा बाजार. पावसाळ्यात तिथे बाहेरगावाहून येणाऱ्या बायका टाकळा, कुर्डू, शेवळं अशा रानभाज्या घेऊन बसतात. जुलै-ऑगस्टची एक पंगत फक्त रानभाज्यांची ठेवा. नारळ आणि केळीची पानं माटुंग्याच्या बाजारात चांगली मिळतात. गिरगावकरांना भुलेश्वर आणि सी. पी. टँकचा भाग जवळचा. स्टीलची ताटं आणि पातेली घ्यायची झाली तर पायधुनीजवळचा तांबाकाटा.

मिळून खरेदी करायची सवय या शहराला आहे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ करून महिन्याचं सामान एकत्र घेण्याची पद्धत रुजवली. तुमच्या वीस जणांनी तांदूळ, डाळी, दाणे आणि तेल तीन महिन्यांतून एकदा एकत्र घेतलं तरी तोच फायदा लहान प्रमाणावर मिळतो.

पाकिटावर काय वाचायचं

हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी. त्यात दूध, तूप, मध सगळं बसतं, त्यामुळे व्हीगन पंगतीसाठी तो पुरेसा नाही. केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२२ साली व्हीगन पदार्थांसाठी स्वतंत्र नियम केले. त्यानुसार हिरव्या रंगातलं इंग्रजी ‘व्ही’ अक्षर आणि पान असलेलं चिन्ह ठरलं आहे. ते दिसलं तर निर्धास्त घ्या. नसेल तर घटकांची यादी वाचा: मिल्क सॉलिड्स, व्हे, केसीन, बटर, घी, हनी यांतलं काही असेल तर तो पदार्थ नको.

फसवणारे नेहमीचे पदार्थ हे: बिस्किटं आणि खारी (दुधाची भुकटी, लोणी), वरून लोणी लावलेला लादीपाव, विकतची पुरणपोळी, लोण्याच्या मोहनाची चकली, तयार सूपची पाकिटं आणि चॉकलेट. लादीपाव बहुतेक बेकऱ्यांत मैदा, यीस्ट आणि तेलाचा असतो, तरीही एकदा विचारून खात्री करा.

प्रत्येक डब्यापुढे हाताने लिहिलेली चिठ्ठी हवी. त्यावर पदार्थाचं नाव, मुख्य घटक, आणि दाणे, काजू, सोया, तीळ, गहू यांपैकी काय आहे ते लिहा. हिंगात अनेकदा गव्हाचं पीठ असतं, गव्हाचं पथ्य असणाऱ्याला ते सांगायला हवं. दाण्यांची अॅलर्जी असलेला एकही सभासद असेल तर त्या पंगतीत दाण्याचं कूट पूर्ण बंद ठेवा. गिरगाव-भुलेश्वरकडचे जैन शेजारी येणार असतील तर दोन पदार्थ कांदा, लसूण आणि कंदमुळांशिवाय करा. या सगळ्याचा खर्च कागदापुरता, पण माणसं विश्वासाने जेवतात ती यामुळे.

जागा: सर्वांत मोठा आकडा

*घर.* भाडं शून्य. पण यजमानाचा गॅस, पाणी, वीज आणि दुसऱ्या दिवशीची साफसफाई खरी असते. दर महिन्याला घर बदला, आणि लहान घर असणाऱ्यावर पाळी लादू नका. चाळीतल्या दोन खोल्यांत वीस माणसं बसत नाहीत, आणि ते सांगताना कुणाला संकोच वाटू नये.

*सोसायटीची गच्ची किंवा सभागृह.* कार्यकारिणीची लेखी परवानगी घ्या, वेळ आणि माणसांची संख्या कळवा. पावसाळ्यात गच्ची बाद.

*मंडळाची खोली, व्यायामशाळा, वाचनालयाचं दालन, शाळेचा वर्ग.* या पट्ट्यात अशा जागा भरपूर आहेत. गणेशोत्सव मंडळांच्या खोल्या वर्षाचे बरेच महिने रिकाम्या असतात. भाडं कधी फक्त देणगी, कधी तासावर, कधी अर्ध्या दिवसाचं. ओळखीच्या सभासदाने विचारलं तर काम लवकर होतं.

*मोकळी जागा.* शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर शिदोरी सोडून बसायला काही लागत नाही. हिवाळ्यातली एखादी सकाळ तिथे छान जाते. पण ऊन, हात धुण्याची सोय आणि ज्येष्ठांचं बसणं यांचा विचार करा.

सभागृह ठरवण्याआधी हे विचारा: भाड्यात जीएसटी धरला आहे का (नसेल तर १८ टक्के वर)? अनामत किती आणि परत कधी? बाहेरचं अन्न चालतं का? गरम करायला इंडक्शन लावता येईल का? पिण्याचं पाणी आणि भांडी धुण्याची मोरी आहे का? उद्वाहन आहे का? सफाईचे पैसे वेगळे का? वेळ संपल्यावर किती मिनिटं सवलत?

एका पंगतीचा नमुना हिशोब असा मांडा.

- जागेचं भाडं: १,००० रुपये
- सफाई करणाऱ्या व्यक्तीचं मानधन: ४०० रुपये
- पिण्याच्या पाण्याचे दोन मोठे जार: १६० रुपये
- सामायिक सामानाची टॅक्सी: २०० रुपये
- साबण, चिठ्ठ्या, कचऱ्याच्या पिशव्या, फडकी: १०० रुपये
- राखीव: १४० रुपये

एकूण २,००० रुपये. वीस जण आले तर माणशी १००, चौदाच आले तर १४३. अन्नापेक्षा हा आकडा मोठा आहे, आणि कमी माणसं आली की तोच अंगावर येतो. घरी केलं तर भाडं आणि पाण्याचे जार वगळा, मानधन ३०० आणि राखीव १०० धरा, म्हणजे ७०० रुपये होतात.

ताटं, वाट्या, पत्रावळ्या

महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटं-पेल्यांवर बंदी आहे. पहिल्या वेळेचा दंड ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००. देशभरातही १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या थाळ्या, चमचे, पेले बंद आहेत. दंडाचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, प्राण्यांसाठी जेवण बदलणाऱ्यांनी मागे असा कचरा ठेवू नये.

सर्वांत स्वस्त नियम: प्रत्येकाने आपलं ताट, वाटी, पेला, चमचा घरून आणायचा आणि खरकटा पुसून घरी न्यायचा. खर्च शून्य. पाहुण्यांसाठी पानांच्या पत्रावळ्या ठेवा. सहा रुपये नग धरला तर पंचवीस पत्रावळ्यांचे १५० रुपये, दहा पंगतींचे १,५००. गटाची म्हणून स्टीलची पंचवीस ताटं घ्यायची तर दीडशे रुपये नग धरून ३,७५० रुपये, म्हणजे अडीच वर्षांत वसूल. पण ती कोण घासणार आणि कुठे ठेवणार, याचं उत्तर मिळाल्याशिवाय घेऊ नका.

एकदाच घ्यायच्या वस्तू: सहा डाव, दोन मोठे गरम राहणारे डबे, एक इंडक्शन शेगडी, टेबलावर घालायचं कापड आणि एक मोठी पिशवी. यासाठी ३,००० रुपये राखून ठेवा.

येणं-जाणं आणि तारीख

रिक्षा या भागात चालत नाही. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं फेब्रुवारी २०२५ पासून ३१ रुपये आहे. बेस्टचं किमान तिकीट मे २०२५ पासून साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये. भुयारी मेट्रो-३ ही मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये आरे ते कफ परेड पूर्ण धावू लागल्यापासून गिरगाव, वरळी, सिद्धिविनायक, दादर ही ठिकाणं एका मार्गावर आली आहेत. भाडं अंतरानुसार १० ते ७० रुपये. परळ-प्रभादेवी जोडणारा एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाला, त्यामुळे पूर्व-पश्चिम टॅक्सी करणार असाल तर वळशाचे पैसे आणि वेळ धरा.

तारीख ठरवताना रविवारचा मेगाब्लॉक शनिवारीच तपासा. गणेशोत्सवात लालबाग-परळमध्ये आणि विसर्जनाच्या दिवशी गिरगावात पंगत ठेवू नका. ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला येणाऱ्या अनुयायांमुळे दादरला मोठी गर्दी असते. मे महिन्यात माणसं गावी जातात. म्हणून वर्षाला बाराऐवजी दहा पंगती धरा. नवे लोक जोडायला श्रावण उत्तम, कारण त्या महिन्यात अनेक घरांत मांसाहार तसाही बंद असतो. पंगत एकादशीला आली तर साबुदाण्याची खिचडी शेंगदाण्याच्या तेलात करा.

वर्गणी आणि कष्टांचा हिशोब

दर वेळी दाराशी शंभर रुपये गोळा केले तर न आलेल्यांचा भार आलेल्यांवर पडतो. त्याऐवजी भिशीसारखी आगाऊ वर्गणी घ्या. सहा महिन्यांत पाच पंगती, प्रत्येकी २,००० म्हणजे १०,०००, अधिक सामानाचे निम्मे १,५००. एकूण ११,५००. वीस सभासदांकडून ६०० रुपये घेतले तर १२,००० जमतात आणि ५०० शिल्लक राहतात. पाहुण्यांकडून १५० रुपये घ्या आणि तेही निधीत टाका. ज्यांना वर्गणी झेपत नाही त्यांना माफ करण्याचा अधिकार दोघांकडे असावा, आणि ती नावं गटात जाहीर होऊ नयेत.

पैसे एकाच्या खात्यात आले तरी हिशोब दोघांनी पाहायचा. पावत्यांचे फोटो आणि जमाखर्च पंगतीनंतर तीन दिवसांत गटावर टाका. यात अविश्वास मानू नका. खजिनदाराला त्यामुळे संरक्षण मिळतं.

याहून महत्त्वाचा हिशोब कष्टांचा. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या गिरणी कामगारांना जेवू घालत होत्या, तरी त्यांच्या कामाला व्यवसाय म्हणून मोजायला कोणी तयार नव्हतं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा त्या बायकांना बँकेचं कर्ज मिळू लागलं आणि सावकाराच्या विळख्यातून सुटायची वाट दिसली. वीस माणसांचा स्वयंपाक हे काम आहे, हे या भागाने तेव्हाच शिकवलं. तुमच्या पंगतीत तेच लागू करा. पाच कामांची यादी करा: जागा उघडणं, पाणी आणि सामान आणणं, चिठ्ठ्या आणि मांडणी, भांडी आणि मोरी, कचरा आणि कुलूप. प्रत्येक कामाला दोन नावं, दर महिन्याला फिरती पाळी, पुरुषांची आणि बायकांची सारखी. सफाईला माणूस बोलावला तर त्याला ठरलेलं मानधन त्याच दिवशी द्या आणि आधी जेवायला बसवा.

अन्न बिघडू नये म्हणून

मुंबईच्या दमट हवेत शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. गरम पदार्थ साठ अंशांच्या वर, थंड पदार्थ पाच अंशांच्या खाली, हा नियम लक्षात ठेवा. सर्वांत आधी बिघडतं ते ओलं खोबरं आणि नारळाचं दूध. सोलकढी बर्फाच्या पिशवीसोबत आणा, आणि फोडणी व मीठ जागेवर घाला. भात सकाळी करून तसाच ठेवू नका, निघण्याआधी शिजवा आणि गरम राहणाऱ्या डब्यातून आणा. म्हणून वेळापत्रक साडेअकराला येणं, बाराला पान, दीडला आवरणं असं ठेवा. बाहेर राहिलेलं अन्न पुढे कुणाला दान देऊ नका. उरलं तर ते ओल्या कचऱ्यात. पुढच्या वेळी प्रमाण कमी करा.

ओळखीच्या लोकांनी खर्च वाटून जेवणं ही घरगुती बाब आहे. पण तिकीट लावून कुणालाही जेवू घालायला लागलात तर ‘आम्ही नफा घेत नाही’ हे कारण पुरत नाही. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातली अन्नव्यवसायाची व्याख्या नफ्यावर अवलंबून नाही. तेव्हा नोंदणी करून घ्या. छोट्यांसाठीच्या मूळ नोंदणीचं वार्षिक शुल्क १०० रुपये आहे.

पहिल्या तीन पंगती

पहिली पंगत घरी करा, आठ-दहा जणांत. वर्गणी घेऊ नका, पण प्रत्येक रुपया आणि प्रत्येकाने दिलेला वेळ लिहून ठेवा. दुसरी गच्चीवर किंवा ओळखीच्या मंडळाच्या खोलीत, पंधरा जणांची, डब्यांपुढच्या चिठ्ठ्या आणि कामांच्या पाळ्या लावून. तिसरीला भाड्याची जागा घेऊन बघा. त्यानंतर तिन्ही वह्या सगळ्यांसमोर उघडा आणि विचारा: कोणाचे पैसे जास्त गेले, कोणाचे तास जास्त गेले? ती दरी बुजवेल अशी वर्गणी आणि पाळ्या ठरवा, पुढच्या दहा तारखा लिहून काढा, आणि मगच गटाला नाव द्या.